‘जायला पाहिजे’चं स्पॅनिश

वाळूजच्या एका कारखान्यात मी काही वर्षं स्पॅनिश शिकवलं. दिवसभर कॉलेजात इंग्रजी शिकवायचं, संध्याकाळी कंपनीच्या बसनं तिकडं जायचं आणि शिफ्ट सुटलेल्या माणसांना ट्रेनिंग हॉलमध्ये बसवून परकी क्रियापदं म्हणायला लावायची. त्यांच्या डोळ्यांत झोप असायची, माझ्याही. कारखाना स्पेनमधल्या एका कंपनीनं घेतला होता. तिकडून नवी यंत्रं येणार होती आणि ती शिकून यायला इथली थोडी माणसं जाणार होती. शहरात स्पॅनिश येणारं कुणी आहे का, असं विचारत विचारत ते माझ्यापर्यंत आले. लग्नाआधी पुण्यात असताना मी ती भाषा हौसेनं शिकले होते. त्यानंतर कुणाशी बोलायची वेळच आली नव्हती.

दुष्काळाची वर्षं होती. जायकवाडीत गाळ उघडा पडला होता. आमच्या गारखेड्यात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता, आणि येईल तेव्हा घरात कुणीतरी असावं लागे. नवऱ्याची बदली सोयगावला झालेली, तो शनिवारी यायचा. म्हणजे ते कुणीतरी मीच. तरी शहर वाढतच होतं. बीड बायपासच्या पलीकडं, जिथं काल-परवापर्यंत ज्वारी उभी असायची, तिथं इमारती उठत होत्या आणि नव्या भिंतींवर मारायला टँकरनं पाणी जात होतं. ते बघून राग यायला हवा होता. पण रागवायलाही अंगात थोडं बळ लागतं.

यंत्रांची माहितीपुस्तकं वाचून वाचून वर्गाला इंग्रजी बऱ्यापैकी कळायचं. म्हणून मी तिथूनच सुरुवात केली: कॅन, मस्ट, शुड, मे, वुड. ही छोटी क्रियापदं जमली की निम्मं बोलणं जमतं, असं मला शिकवलं गेलं होतं. पण स्पॅनिशमध्ये यांना एकास एक शब्द नाहीत. एकट्या ‘मस्ट’लाच नियम सांगताना वेगळा शब्द, नाइलाज सांगताना वेगळा, आणि ‘तो आता पोचला असेल’ असा अंदाज करताना आणखी वेगळी रचना. मी फळ्यावर लिहायचे, ते उतरवून घ्यायचे, आणि पुढच्या तासाला पुन्हा पहिल्यापासून.

वर्गात वयानं सगळ्यात मोठा होता देखभाल विभागाचा एक सुपरवायझर. चाळिशी ओलांडलेला, लासूर स्टेशनजवळच्या खेड्यातला. बायको-मुलं इथं वाळूजला, आणि म्हातारे वडील गावाकडं मोसंबीच्या बागेत एकटे. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. तो मागच्या बाकावर बसायचा आणि सहसा बोलायचा नाही. एका संध्याकाळी ‘कॅन’ चालू होतं. अंगात कला असेल तर ‘साबेर’, म्हणजे जाणणं, आणि या घडीला जमण्यासारखं असेल तर ‘पोदेर’. फरक कुणाच्या डोक्यात शिरेना. मी त्याला इंग्रजीतून विचारलं, पोहता येतं का? तो मराठीतच म्हणाला, “पोहता येतं मॅडम. पण सध्या पोहू शकत नाय. विहिरीत पाणीच नाय.”

वर्ग हसला. मी खडू हातात धरून तशीच उभी राहिले. ‘येतं’ आणि ‘शकतो’. जो फरक मी इंग्रजीतून समजावू पाहत होते आणि जमत नव्हता, तो माझ्या आईच्या बोलण्यात रोज होता. इतकी वर्षं मी स्पॅनिशकडं दुसऱ्याच्या घरातून जात होते. त्या दिवसापासून इंग्रजी बाजूला ठेवलं. ‘मला जरा बोलायचं होतं’ असं आपण समोर उभं राहून भूतकाळात म्हणतो, अदबीनं. स्पॅनिश माणूसही तसंच म्हणतो. ‘वुड नॉट’ला आपल्याकडं ‘ऐकेना’, ‘उघडेना’ आहे. हे कळलं तेव्हा खूप आनंद व्हायला हवा होता. झालाही थोडा, पण बसची वेळ झाली होती.

नकाराची रूपं शिकवताना मी सांगितलं की चालू राहिलेल्या नकाराला तिकडं एक रूप आहे आणि एकदाच, कायमचा दिलेल्या नकाराला दुसरं. तास संपल्यावर सुपरवायझर थांबला. त्याचे वडील बाग तोडायचं ऐकत नव्हते, त्यांना यातलं कोणतं रूप लावायचं, असं त्यानं विचारलं. झाडं वाळत चालली होती. तो दर रविवारी टँकर घेऊन जायचा, आणि ते पाणी बुंधे ओले करण्यापुरतंच पुरायचं. तोडा म्हटलं की वडील उठून बांधावर जाऊन बसायचे. मी म्हटलं, पहिलं रूप. नो केरीआ, ऐकेनात. त्यानं ते हळूच म्हणून पाहिलं आणि डबा उचलून गेला.

उन्हाळा संपत आला तेव्हा स्पेनहून एक वयस्क इंजिनिअर माणसं निवडायला आला. उन्हानं लाल झालेला, कमी बोलणारा. त्याला इंग्रजी धड येत नव्हतं, म्हणून दुभाषी मी. एकेकाला आत बोलावून तो कामाचं विचारायचा आणि शेवटी एकच प्रश्न: वर्षभर तिकडं येणार का? तरुण पोरं लगेच हो म्हणत होती. सुपरवायझरची कामाची उत्तरं चांगली गेली. मग तो प्रश्न आला. त्यानं टेबलाकडं पाहिलं आणि मराठीत म्हणाला, “जायला पाहिजे.”

इंजिनिअर माझ्याकडं पाहू लागला. मला वाक्य पुढं सरकवता येईना. आपल्या ‘पाहिजे’त अडलेली इच्छा मावते, कर्तव्य मावतं, नाइलाजही मावतो. स्पॅनिशमध्ये त्यातलं एक उचलावं लागणार होतं, आणि मी जे उचलीन ते त्याचं उत्तर ठरणार होतं. सकाळपासून बोलून घसा कोरडा पडला होता. पहिलं सुचेल ते सांगून मोकळं व्हावंसं वाटत होतं. तरी इंजिनिअरला थोडं थांबायला सांगितलं आणि सुपरवायझरकडं वळले.

“तुमच्या ‘पाहिजे’ला तिथं तीन शब्द आहेत,” मी म्हटलं. “जावंच लागतंय, हा एक. जाणं माझं कर्तव्य आहे, हा दुसरा. आणि तिसरा म्हणजे, खरं तर जायला हवं, पण.”

त्यानं तिन्ही शब्द बोटांवर मोजून पाहिले. मग कुणाकडंही न बघता स्वतःच म्हणाला, “देबेरीआ इर.” तिसरा.

“पेरो?” इंजिनिअरनं विचारलं. पण काय?

पुढचं त्यानं मोडक्या स्पॅनिशमध्येच सांगितलं. वडील म्हातारे आहेत. झाडं तोडू देत नाहीत. त्यांना एकटं सोडू शकत नाही. क्रियापदं चुकली, एकदा ‘मी’च्या जागी ‘तो’ झालं, पण सगळं पोचलं. माझी गरज पडली नाही. इंजिनिअरनं शांतपणे ऐकून घेतलं, उठून हात मिळवला आणि म्हणाला, पुएदे के एल आन्यो के व्येने. पुढच्या वर्षी, होईलही. ‘पुएदे के’ असं म्हटलं की बोलणारा कशालाच बांधला जात नाही. मीच ते सुपरवायझरला शिकवलं होतं. त्यानं मान डोलावली.

नंतर तो मला बसपर्यंत सोडायला आला. मी विचारलं, वाईट वाटतंय का?

“मी नाय म्हणलो नाय, मॅडम,” तो म्हणाला. “पण व्हय पण म्हणता येईना.”

त्याच्या जागी एक बिनलग्नाचा मुलगा गेला. पाऊस त्या वर्षीही धड झाला नाही. दिवाळीनंतर सुपरवायझरच्या वडिलांनीच माणसं बोलावून बाग तोडली, मुलाला न कळवता. रविवारी तो टँकर घेऊन पोचला तर रानात फांद्यांचे ढीग पडले होते आणि वडील ओट्यावर बसले होते. पाणी त्यानं शेजाऱ्याच्या गुरांच्या हौदात सोडलं. मग वडिलांना वाळूजला आणलं, तिसऱ्या मजल्यावर. तिथल्या गॅलरीत बसून ते समोरच्या इमारतींकडं बोट दाखवून विचारायचे, हे रान कुणाचं होतं? त्याला माहीत नसायचं.

वर्ग बंद झाला. आता तिकडचेच लोक इंग्रजी शिकत आहेत, असं मला सांगण्यात आलं. मला बरं वाटलं, आणि संध्याकाळी घरी काय करायचं हे कळेनासंही झालं.

वडील रुळल्यावर, पुष्कळ दिवसांनी, त्याला एका यंत्राच्या कामासाठी थोड्या महिन्यांकरता तिकडं पाठवलं. परत आल्यावर तो माझ्या घरी आला. खारवलेल्या ऑलिव्हची बरणी आणली होती. वडिलांनी एक तोंडात टाकून थुंकलं होतं, असं त्यानं हसत सांगितलं. मी विचारलं, भाषा उपयोगी पडली का? लोक लई भरभर बोलतात, तो म्हणाला, शिकवलेलं एकही रूप कानावर धड पडलं नाही. फक्त घरमालकीणबाई रोज एक म्हणायच्या. तो कामावरून येऊन तसाच आडवा झाला की दार वाजवायच्या: आय के कोमेर.

“जेवावं लागतं,” मी म्हटलं.

“व्हय. पण कुणी, ते सांगतच नायत. मी का, तुम्ही का. नुसतंच लागतं.”

हे मी त्याला शिकवलंच नव्हतं. पाठ्यपुस्तकात ते पुढच्या भागात होतं आणि तिथपर्यंत आम्ही पोचलोच नाही. तसं म्हटलं तर तो म्हणाला, चालतंय, तिथं कळलं. तब्येत उतरली होती त्याची. आल्यापासून रात्रपाळी चालू होती. मी चहा टाकायला आत गेले. कप घेऊन आले तर तो खुर्चीतच झोपला होता, बरणी शेजारी, तोंड जरा उघडं. उठवलं नाही. चहावर बशी झाकली आणि समोरच्या खुर्चीत मीही पाय सोडून बसले.