दुपट्ट्याखाली ठरलेली दाढ

खुर्चीवर पेशंट बसला होता आणि तोंड मात्र माझं उघडं होतं. नत्थूजींनी अंगठ्यानं माझा ओठ वर केला, दोन्ही बाजू नीट पाहिल्या आणि बायकोला सांगितलं, "जुळला हाय. अजून चालीन."

नत्थूजी म्हणजे मोहगावचे जुने बैलांचे दलाल. बाजारात बैलाचं वय दातांवरून ठरतं. सगळे दात आले की तो जुळला. सौंसरला इतकी वर्षं दातांचा दवाखाना चालवतो, पण माझीच तपासणी अशी कोणी केली नव्हती. बदल्यात त्यांनी स्वतःचं तोंड उघडलं, म्हणून मी ती चालवून घेतली.

त्यांना डिमेन्शिया आहे. यात आठवणी जातात, पुढे शब्दही जातात. दुखतं कुठे हेसुद्धा माणसाला सांगता येत नाही.

"चार दिवस झाले, चहाच घेऊन राहिले," त्यांच्या पत्नी शेवंताबाई म्हणाल्या. "घास नेला का तोंड फिरवते. असं चाललं तर माणूस हातचा जाईन, डॉक्टरसाहेब."

एक्स-रेत खालच्या शेजारशेजारच्या दोन दाढा सारख्याच किडलेल्या दिसत होत्या. दोन्ही एकदम काढाव्यात अशी त्यांची तब्येत नव्हती. चुकीची काढली असती तर दुखणं तसंच राहिलं असतं, आणि ते सांगणार कोण?

अशा वेळी आम्ही आरशाच्या दांडीनं दाढेवर हलकं ठोकतो. याला परकशन म्हणतात. मुळाशी सूज असलेली दाढ ठणकते. पण नत्थूजी चांगल्या दातावर ठोकलं तरी दचकत होते.

"इथं दुखतं का?"

"बढिया हाय."

"आणि इथं?"

"एकदम बढिया."

शेवंताबाईंना हसू आवरेना. "तुमी उघड्यावर विचारून राहिले. दलाल माणूस भाव तोंडानं सांगते का?"

त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढला आणि दोघांच्या हातांवर टाकला. जनावरांच्या बाजारात सौदा असाच होतो. कापडाखाली समोरच्याची जितकी बोटं धरली तितका भाव. बाजूच्याला पत्ता लागत नाही. नवं लग्न झालेलं असताना किती पाहुण्यांचा स्वयंपाक टाकायचा, हे नत्थूजी बायकोला आपल्या आईच्या देखत पदराखाली असंच सांगायचे म्हणे. शब्द आटल्यावर बाईंनी तीच सोय पुन्हा काढली होती.

"ठोका आता. जितकं दुखते तितकी बोटं धरते. पण इकडे पाहू नका, भाव फुटते."

मी नत्थूजींच्या तोंडातच पाहत राहिलो. पहिली दाढ ठोकली.

"एक," बाई म्हणाल्या.

दुसरी ठोकली. दुपट्टा जोरात हलला.

"पाच. थांबा, दोनवर आणून पाहते." खाली बरीच ओढाताण झाली. "नाई उतरत. उलट माहीच बोटं मोडून राहिले."

नत्थूजी खुर्चीत ताठ बसले होते. चेहऱ्यावर असा रुबाब होता की मीच गिऱ्हाईक वाटलो. मी क्रम बदलून, न सांगता पुन्हा ठोकलं. भाव तोच निघाला.

"काढू का, विचारा."

दुपट्ट्याखाली टाळी वाजली. सौदा पक्का.

दाढ काढली. मुळाशी पूच पू होता. मला इतका आनंद झाला की मी ती दाढ बाईंना दोनदा दाखवली.

आठवड्यानं दोघं परत आली. नत्थूजींचे गाल वर आले होते.

"काल दीड भाकर खाल्ली," बाई म्हणाल्या. "अन् ठेचा कमी वाढला म्हणून माह्यावर रुसून बसले." हे सांगताना त्या हसत होत्या आणि पदरानं डोळेही पुसत होत्या.

कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की दुखण्याची हिस्ट्री पेशंटकडूनच घ्यावी. ती कोणत्या वाटेनं येईल हे कोणी शिकवलं नव्हतं. आता असा पेशंट आला की मी आधी त्याच्या जोडीदाराला विचारतो, घरी तुमचं बोलणं कसं चालतं? उत्तर मिळेपर्यंत ड्रिल बंद ठेवतो.