छडीचा शोध

दुसऱ्या दिवशी आमच्या मराठी मंडळात मला शाळेतल्या शिक्षेच्या इतिहासावर बोलायचं होतं. माझ्याकडे आवाज भरपूर होता, मजकूर अजिबात नव्हता. म्हणून सदर भागातल्या सायबर कॅफेत जाऊन मी इंटरनेटवर ‘शिक्षा इतिहास’ असं ठणकावून शोधलं. पडद्यावर विद्यापीठं, आयोग, अभ्यासक्रम यांची नुसती रांग लागली. छडीचा कुठे पत्ता नाही! तासभर मी कपाळ बडवत होतो.

शेजारच्या खुर्चीवर पांढऱ्या अंबाड्याच्या एक बाई बसल्या होत्या. एकाच बोटाने, सुईत दोरा ओवावा तशा जपून त्या एकेक अक्षर दाबत होत्या. त्यांनी माझ्या पडद्याकडे पाहिलं, पदराने चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

“काहून डोकं बडवून राहिले, भैया? तुम्ही मराठीत मार मागून राहिले, हा कॉम्प्युटर हिंदीतली ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण देऊन राहिला!”

“मग काय करू?”

“विषय नका लिहू. मार खाल्लेल्या माणसानं आठवणीत कोणते शब्द लिहिले असतील, ते टाका.”

मी ‘गुरुजी, छडी, अंगठे धरून उभं’ असं लिहिलं. आणि काय सांगू! मार खाल्लेली माणसं आपापल्या आठवणी घेऊन धडाधड हजर झाली. माझी अब्रू वाचली.

“इतकं नेमकं कसं कळलं, दीदी?”

चष्मा पुसत त्या म्हणाल्या, “तीस वर्षं शाळेत शिकवलं ना. अंगठे मीच धरायला लावायची.”

पन्नाशीचा मी, ताडकन उभा राहिलो.