तुम्ही घरी कुठल्या भाषेत भांडता?

आमच्या पॅरिशमध्ये नवे फादर आले ते साल दोन हजार दोन असेल किंवा तीन. साल नक्की सांगता येत नाही, पण त्या मे महिन्यात मी घरोघर फिरून लोकांना "तुम्ही घरी कुठल्या भाषेत भांडता?" असं विचारत होते, हे मात्र पक्कं आठवतं. मी शाळेत शिकवायचे. शाळेला सुट्टी लागली की शिक्षिका रिकामीच असते, असा आमच्या रत्नागिरीतल्या तमाम जनतेचा समज आहे. चर्चचा तर फारच.

काम पेंटेकॉस्टच्या तयारीचं होतं. हा पवित्र आत्म्याचा सण, ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येतो. येशू स्वर्गात गेला आणि त्याचे शिष्य घाबरून दारं लावून बसले. तेव्हा त्यांच्यावर पवित्र आत्मा अग्नीच्या जिभांच्या रूपानं उतरला. मग ते बाहेर पडून बोलायला लागले आणि देशोदेशींहून आलेल्या माणसांना त्यांचं बोलणं आपापल्या भाषेत ऐकू आलं. म्हणून या दिवशीच्या मिस्सेला, म्हणजे मुख्य उपासनेला, चर्चमध्ये सगळं लाल असतं. फादरांचा झगा लाल, वेदीवरचं कापड लाल. आधीचे नऊ दिवस संध्याकाळी नोव्हेनाच्या प्रार्थना. पण नाताळसारखा केक नाही, चांदणी नाही, त्यामुळे निम्मे लोक हा सण विसरतात आणि उरलेले लग्नाला गेलेले असतात.

नव्या फादरांना हे फार लागलं. ते वसईकडचे, तरुण, उत्साही. सणाच्या दोन आठवडे आधीच्या रविवारी त्यांनी जाहीर केलं, "सणाच्या मिस्सेत विश्वासूंच्या, म्हणजे तुम्हा लोकांच्या, प्रार्थना प्रत्येकानं आपल्या भाषेत म्हणायच्या. कोणाची भाषा कुठली ते सांगा." हात वर झाले आणि जो तो म्हणाला, इंग्रजी. ज्यांची पोरं इंग्रजी शाळेत होती ते तर म्हणालेच, पण ज्यांची पोरं नुकतीच बालवाडीत गेली होती तेही म्हणाले. फादरांनी डोक्याला हात लावला. मग म्हणाले, "असं नको. घरात भांडण झालं की तोंडातून जी भाषा येते ती तुमची. बाई, तुम्ही चौकशी करा."

बाई म्हणजे मी.

दुसऱ्या दिवसापासून माझी फेरी सुरू झाली. पहिल्याच घरी आंटी म्हणाल्या, "आमच्याकडे भांडणं होतच नाहीत हो." त्यावर आतल्या खोलीतून अंकल कोकणीत जे काही बोलले, त्यावरून भाषा कळली आणि मी चहा न घेता निघाले. पण कोकणीचं एवढ्यावर भागलं नाही. आमच्याकडे एक घर गोव्याचं, एक मंगळूरचं आणि एक सावंतवाडीकडचं. तिघांनाही आपलीच कोकणी खरी वाटायची. बाकीच्या दोघांची म्हणजे बिघडलेली. चर्चच्या पायऱ्यांवर तिघं तीन कोकण्यांत इतके भांडले की फादरांनी दिलेली कसोटी तिघंही एकदमच पास झाले. शेवटी प्रत्येकाला एकेक प्रार्थना देऊन टाकली.

केरळची एक नर्स होती. ती म्हणाली, "मी फक्त शुक्रवारी भांडते. मल्याळममध्ये." तिचा नवरा कुवेतला, त्याला शुक्रवारी सुट्टी आणि त्याच दिवशी त्याचा फोन. मासळीच्या कारखान्यात कामाला असलेलं तमिळ कुटुंब तर प्रामाणिक निघालं. आपसात तमिळ, शेजाऱ्यांशी मराठी, असं त्यांनी सरळ सांगितलं. राहिली मराठी. तिच्यासाठी चौकशी करावी लागली नाही. "हिलाच उभी करा, हिचा हात धरणारं पॅरिशमध्ये कोणी नाही," असं माझा नवरा मला न विचारता फादरांना सांगून आला होता. त्यावरून आमच्या घरी जे झालं ते अर्थात मराठीतच झालं.

सगळ्यात शेवटी मी गेले राजिवड्याच्या बाजूला, एका भाड्याच्या खोलीवर. तिथं झारखंडचं एक जोडपं वर्षभरापासून राहत होतं. रविवारी मिस्सेला ती दोघं शेवटच्या बाकावर बसायची आणि आशीर्वाद झाला की निघून जायची. नवरा रेल्वेच्या दरडींना भिंती बांधायच्या कामावर एका ठेकेदाराचा मुकादम होता. आठवडाभर खेडच्या बाजूला मुक्काम, शनिवारी संध्याकाळी घरी. बायको वीस-बावीस वर्षांची, लग्न होऊन थेट इथं आलेली. त्यांची भाषा कुडुख. ती इथं त्या दोघांखेरीज कोणालाच येत नव्हती.

घरमालकीण म्हणजे आपा. त्यांचे दोन्ही मुलगे आखातात. त्यांनी मला अंगणातच गाठलं. "बरी आलीस गो. ही पोर कोणाशी बोलत नाय. भांड्यांशी बोलते, आमच्याशी नाय. मी म्हटलां, मुकी हाय की काय!"

मुलगी दारात आली आणि हसली. ती नेहमीच हसायची. मी माझ्या शाळेतल्या हिंदीत विचारलं, "आप घर में कौन सी भाषा में झगड़ती हैं?"

तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "किससे झगड़ूँ, दीदी?"

मी "अच्छा, अच्छा" म्हणून निघाले, पण घरी पोचेपर्यंत चैन पडेना.

शनिवारी तिचा नवरा स्वतःच मला भेटायला आला. त्याला कामापुरती मराठी यायची. म्हणाला, "मॅडम, ती रडते. मी नसताना जेवत पण नाही. आई म्हणते, तिला गावी सोडून जा. मी म्हणतो, पाऊस पडेपर्यंत बघू, रमली तर ठीक. नाही तर नेऊन सोडतो आणि मी परत कामावर येतो. तुम्ही काही करता का?"

मला असं विचारणं म्हणजे काय, हे त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं. मी पदर खोचला. पाऊस यायला फार दिवस नव्हते आणि ही मुलगी परत जाता कामा नये, असं मी ठरवूनच टाकलं. ती मला आवडली होती. खरं कारण तेच.

मी रोज तिला घेऊन नोव्हेनाला जायला लागले. वाटेत हाताला धरून प्रत्येक वस्तूचं मराठी नाव सांगायचे आणि तिच्याकडून वदवून घ्यायचे. तिला मासळी बाजारात नेलं. कोळणीनं सांगितलेला भाव तिनं मुकाट्यानं देऊ केला, तेव्हा मीच मध्ये पडले आणि घासाघीस कशी करतात त्याचं सगळं प्रात्यक्षिक करून दाखवलं. कोळीणही रंगात आली. मुलगी दोघींकडे आळीपाळीनं बघत हसत राहिली. एक दिवसाआड मी बांगड्याचं तिखलं करून तिच्याकडे डबा पाठवायचे. डबा स्वच्छ घासून परत यायचा. म्हणजे आवडतंय, असं मी धरून चालले. तिची कुडुखमधली प्रार्थनाही ठरली. काय म्हणणार, हे नवऱ्यानं फादरांना आधी सांगितलं होतं: आजाऱ्यांना बरं कर आणि शेतांना पाऊस दे. फादर खूश.

मग एक अडचण निघाली. घंटा वाजवणाऱ्या काकांनी ती बरोबर दाखवली. "बाई, दुसऱ्याच्या भाषेतली प्रार्थना संपली ह्यां आमाला कळणार कसां?" प्रत्येक प्रार्थनेनंतर सगळ्यांनी मिळून "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक" म्हणायचं असतं. मराठीत असली तर कळतं, पण मल्याळममध्ये कोण कुठं थांबला कसं कळणार? तेव्हा मीच तोडगा काढला. म्हणणाऱ्यानं प्रार्थना संपली की हात जोडून वर करायचे. हात वर झाले की आपण म्हणायचं. शेवटच्या तीन संध्याकाळी मी सगळ्यांकडून घोकून घेतलं. पहिल्या दिवशी आवाज अगदीच मेंगळट आला. "दुसऱ्याचं मागणं आहे म्हणून तोंडातल्या तोंडात म्हणायचं का? स्वतःचं असल्यासारखं मागा!" असं मी ओरडले, तेव्हा कुठे छपराला ऐकू जाईल असा आवाज निघाला.

सणाच्या दिवशी चर्च लालेलाल. वेदीपाशी पोरांनी गुलमोहराचे झुबके आणून लावले होते आणि झुबक्यांतून आलेल्या लाल मुंग्या फादरांच्या लाल झग्यात शिरल्या होत्या. प्रवचन चालू असताना फादर मान खाजवत होते, मग पोट, मग पाठ. प्रवचन अर्ध्यावर संपलं. असं छोटं प्रवचन आमच्या पॅरिशनं त्याआधी आणि नंतर ऐकलेलं नाही.

प्रार्थना सुरू झाल्या. तिन्ही कोकण्या ओळीनं झाल्या, एकमेकांकडे न बघता. नर्सची झाली, तमिळ झाली, माझी झाली. प्रत्येक वेळी हात वर आणि खणखणीत उत्तर. मग ती उठली. आम्ही सगळ्या बाजारातून घेतलेल्या लाल साड्यांत होतो आणि ती तिच्या गावाकडच्या पांढऱ्या साडीत, लाल काठाच्या. माईकपाशी जाऊन नुसतीच उभी राहिली. मी बाकावरून तिला खुणेनं "बोल, बोल" केलं.

आणि ती बोलायला लागली. आवाज बारीक असेल असं मला वाटलं होतं. तो चांगला भरदार होता. शब्द कळत नव्हते, पण ती अडखळत नव्हती, कुठे थांबत नव्हती. मग हात जोडून वर केले. आम्ही म्हटलं, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक!"

तिनं खाली यायला हवं होतं. आली नाही. हात खाली घेतले आणि पुन्हा बोलायला लागली. पुन्हा हात वर. पुन्हा आम्ही म्हटलं. फादरांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवून "चालू द्या" म्हटलं. आता तिचा आवाज चढला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझ्या शेजारची सावंतवाडीची आंटीही रडायला लागली. तिसऱ्यांदा हात वर झाले तेव्हा आम्ही असे ओरडलो की बाहेर रिक्षावाले थांबून बघायला लागले. मनात म्हटलं, झालं, रमली ही. आता कुठे जात नाही.

मिस्सेनंतर आवारात चहा होता. बायकांनी तिला गराडा घातला होता, कोणी गालावरून हात फिरवत होतं, कोणी हातात बशी देत होतं. तिचा नवरा मात्र भिंतीपाशी एकटाच उभा होता, चहा न घेता. मी जाऊन म्हटलं, "बघितलंस? किती छान बोलली! आजारी माणसांसाठी एवढं मोठं?"

"आजारी माणसांचं नाही बोलली, मॅडम."

"मग? पावसाचं?"

"पावसाचं पण नाही." तो जमिनीकडे बघत होता. "ती म्हणाली, देवा, मला घरी ने. इथली माणसं चांगली आहेत. दीदी पण चांगली आहे, मासे देते. पण त्या माशांचा वास मला सोसत नाही, मी ते आपांच्या मांजराला घालते."

मी हातातला कप भिंतीवर ठेवला.

"दुसऱ्यांदा म्हणाली, मी घरी सांगितलं की हा ऐकत नाही. म्हणून तुझ्यासमोर सांगते, म्हणजे ह्याला गप्प बसून ऐकावं लागेल. आणि तिसऱ्यांदा म्हणाली, मला एकटीला पाठवू नको. एकटी तर मी इथं पण आहे. ह्यालाही ने. गावी शेत आहे, ह्याचा भाऊ एकटा करतो, हा पण करेल." तो थांबला. "आणि तुम्ही सगळे म्हणालात, आमची प्रार्थना ऐक. तीन वेळा. मॅडम, सगळ्यात मोठा आवाज तुमचा होता."

मला राग आला. तिचा आला, त्याचा आला, आपांच्या मांजराचा आला. इतके दिवस हाताला धरून फिरवलं, ते ह्यासाठी? मी वळून तिच्याकडे पाहिलं. बायकांच्या घोळक्यातून तीही आमच्याकडेच बघत होती. तो मला काय सांगतोय हे तिला बरोबर कळलं होतं. आणि पहिल्यांदाच ती हसत नव्हती. नुसती बघत होती, आता ही काय म्हणते म्हणून.

ती जायला नको होती मला. आजही वाटतं, नको होती जायला.

"आता मी काय करू, मॅडम?" तो म्हणाला. "एवढ्या माणसांनी मागितलं."

"मला काय विचारतोस?" मी म्हटलं. माझा आवाज नको तेवढा चढला असावा, कारण चहावाल्या काकांनी मान वर केली. "उद्याच स्टेशनवर जा आणि तिकिटं काढ. एक नाही. दोन."