उतारावरचं जोतं

कोळवणच्या खोऱ्यात गोजराबाईचं घर ओढ्याला इतकं लागून होतं की श्रावणात भिंतीला हात लावला तर तळवा ओला व्हायचा. कणगीतलं भात तळाशी काळं पडायचं. एका पावसाळ्यात मागची भिंत मधोमध फुगून आली, तेव्हा गोजराबाईनं नवऱ्याला सांगून टाकलं, "आता हितं न्हाई राहायचं. वरल्या वरकस जमिनीत घर बांधू."

गेणबा शांत माणूस. बैल आणि भात सोडून त्याला बोलायला फारसं सुचत नसे.

"वर समदा उतार हाय," तो म्हणाला.

"हाय तर कापू."

"कोन कापनार?"

"ते मी बघते."

गोजराबाईचं 'ते मी बघते' घराला जुनं होतं. नवी नवरी होती तेव्हाच सासऱ्यानं बैल पाहायला तिला बाजारात बरोबर नेलं होतं. सासऱ्याच्या मनात भरलेला बैल तिनं दोनदा चालवून पाहिला आणि डोक्यावरचा पदर न हलवता सांगितलं, "मामंजी, ह्यो मागला पाय चोरतोय." त्या दिवसापासून घरात काही घ्यायचं म्हटलं की सासरा आधी सुनेला हाक मारायचा.

बातमी फुटली तसा पौडकडचा नथू मुकादम आपणहून आला. रस्त्याच्या कामावर त्याची माणसं असत. ओट्यावर बसून त्यानं चहा घेतला, बसल्या जागेवरून वरकसाकडं एक नजर टाकली आणि म्हणाला, "वरची माती खाली लोटायची, झाली जागा सपाट. पावसाआधी तुमी ऱ्हायला जा."

"आनि लोटलेली माती खचली तर?" गोजराबाईनं विचारलं.

"मी करतो ते काम खचत न्हाई, बाई."

"मंग तुमी केलेलं एखादं घर दावा की. मी येते बघायला."

नथू मुकादम हसला, घरं लई हायेत म्हणाला, पण एकाचंही नाव सांगितलं नाही. गोजराबाईनंही पुन्हा विचारलं नाही.

तिला भरे गावच्या धोंडाबाईची आठवण झाली. नात्यातली बाई, तिचं घर दोन वर्षांमागं असंच उतार कापून उभं राहिलं होतं. गोजराबाई भाकरी बांधून भऱ्याला चालत गेली. आधी घराभोवती फिरली. भिंतीचे कोपरे पाहिले, पावसात धुऊन गेलेली जागा कुठं दिसते का ते पाहिलं, आणि मग आत जाऊन पाणी प्यायली.

"कुनी केलं ग हे?"

"येसाजीनं," धोंडाबाई म्हणाली. "मेंढरं राखायची त्याची मानसं. रोगात कळप गेला, तवापासून नवराबायको मातीकाम घेत्यात. बोलायला तुसडा हाय, पन आपलं घर असल्यावानी राबतो."

येसाजी आला तो ओट्यावर टेकलाच नाही. बायको राजाबाईला घेऊन थेट वरकसात गेला, पहारीनं चार ठिकाणी भोकं पाडून पाहिलं. मग म्हणाला, "अक्का, कापलेल्या मुरमावर घर बसवा. भरावावर नुसतं अंगन करा. आनि भरावाला एक पावसाळा खाऊ द्या, मंगच बांधकाम."

"म्हंजे अजून एक वरीस त्या वल्या घरात?"

"व्हय."

ते ऐकून गेणबाचा चेहरा पडला. गोजराबाईला मात्र बरं वाटलं. हा माणूस तिला आवडेल ते न बोलता जागेला लागेल ते बोलत होता.

"ऱ्हाऊ," ती म्हणाली. "पन माजी बी एक अट हाय. वरची काळी माती मुरमात मिसळायची न्हाई. ती येगळी काढून माज्या खाचरात टाकायची."

येसाजीनं पहिल्यांदाच तिच्याकडं नीट पाहिलं. "टाकू की," म्हणाला.

माघ संपता संपता काम सुरू झालं. येसाजी आणि त्याचा भाऊ बिरू कुदळ चालवत, राजाबाई आणि वाडीतल्या दोघी घमेली वाहत. भरावाचा थर पडला की पाणी शिंपडून, तो ठोकून घट्ट करायला त्यावर धुमस घातली जाई. गोजराबाई रोज दूध काढून झालं की वर जायची आणि थरावर टाच रोवून पाहायची. येसाजीला त्याचा राग येत नसे. उलट टाच रुतली की तो आपणच माणसांना पुन्हा धुमस घालायला लावी.

होळीच्या सुमाराला राजाबाई घमेलं उतरवून एकदम थांबली. तिच्या अनवाणी पायाला कापाच्या कडेची जमीन गार लागली होती. येसाजीनं तिथं कुदळ मारली, तर ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर मुरमातून पाणी पाझरायला लागलं. त्यानं काम थांबवलं आणि गोजराबाईला बोलावून घेतलं.

"घर पुढं सरकवलं तर भरावावर जातंय. मागं चर खनून पानी बाजूला काढावं लागंल," तो म्हणाला. "पन बाजूला कुशाबांचं खाचर हाय."

कुशाबा म्हणजे गोजराबाईचा धाकटा दीर. वाटण्या झाल्यापासून तो बांधाच्या बाबतीत फार हळवा झाला होता. चराची आखणी दिसताच तो वर आलाच. "वैनी, तुमच्या घराचं पानी माज्या खाचरात? आखाडात बांध ऱ्हाईल का माजा?"

"न्हाई राहायचा," गोजराबाई म्हणाली. "खरं हाय तुमचं."

भांडायच्या तयारीनं आलेला कुशाबा जरा गडबडला.

"चला माज्यासंगं, भावजी." तिनं त्याला बांधाबांधानं ओढ्यापर्यंत चालवत नेलं. "चर ह्या वाटंनं माज्या हद्दीतनं न्यायचा. थोडी जागा जाईल माजी, जाऊ दे. पन आश्विनात दानं भरायच्या टायमाला पाऊस गेला, की तुमचं भात वाळतं. व्हय का न्हाई?"

"वाळतं."

"तर तुमच्या बांधापाशी चराला तोंड ठिवू. पावसाळ्यात बंद, आश्विनात उघडं. उघडायचं कवा, मिटायचं कवा, ते तुमी ठरवायचं."

कुशाबानं बांधापाशी जाऊन तोंडाची जागा पायानं आखली. मग वर येऊन येसाजीला म्हणाला, "तोंडाला दगड चांगला बसव रं. माती वाहून येता कामा न्हाई."

पावसाळा त्यांनी ओल्या घरात काढला. नुसतं सपाट केलेलं मैदान पाहून लोक विचारत, घर कुठंय. गोजराबाई म्हणायची, "बसतंय अजून." दिवाळीनंतर येसाजी न बोलावता आला. अंगणाचा ओढ्याकडचा कोपरा वीतभर खचला होता. त्यानं तो उकरला, मुरूम भरला, धुमस घातली. कापलेल्या जागेला तडाही नव्हता. त्या उन्हाळ्यात जोतं बांधलं आणि भिंती उभ्या राहिल्या. दुसऱ्या श्रावणात गोजराबाईनं मागच्या भिंतीवरून हात फिरवला, तो कोरडा.

पुढं त्या खोऱ्यात कुणी घर बांधायला काढलं की बायका तिच्याकडं येऊ लागल्या. ती कुणाचं नाव सुचवत नसे. ज्याला काम द्यायचं, त्याचं जुनं काम पाऊस झाल्यावर पाहून या, एवढंच सांगायची. आणि वेळ असला तर स्वतः सोबत जायची.

कुशाबानं घर बांधायला काढलं तेव्हा तोही सकाळी सकाळी आला. "वैनी, जागा बघायला येता का?"

"येते की," गोजराबाई म्हणाली. "म्हशीचं उरकू द्या. पहार घ्या तवर."