पलीकडच्या हाताची पाटी

चिखलटोल्याचा पाणकर यादोराव मुळातच भित्रा. भुताखेताला किंवा वाघाला तो भीत नसे, त्या बाबतीत गावात त्याच्याइतका धीट माणूस शोधून सापडला नसता. त्याला भीती पाण्याची. तलाव भरला की पाळ, म्हणजे त्याचा मातीचा बांध, फुटेल म्हणून भीती, नाही भरला तर धान करपेल म्हणून भीती. कोणाच्या धानाच्या बांधीत किती पाणी सोडायचं हे काम त्याच्या घराकडे बापापासून आलेलं, त्यामुळे भ्यायला बारा महिने निमित्त असे. 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' असं म्हणून लोक हसत, आणि रोवणीचा दिवस मात्र त्यालाच विचारून धरत.

तलावही काळजीच लावणारा. पाळ आपल्या भंडारा जिल्ह्यात, तर पाणी पसरलेलं पार पलीकडे, मध्यप्रदेशातल्या बोरीखेड्याच्या घाटापर्यंत. मालगुजारीत दोन्ही गावं एकाच धन्याची होती. पुढे राज्यं झाली, नकाशावर रेघ आली, आणि ती नेमकी तलावातून गेली. हद्दीचा दगड उन्हाळ्यात उघडा पडे आणि त्यावर बगळे बसत. बाकी त्याला कोणी फारसं विचारत नसे.

अक्तीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, सण झाला की दुसऱ्या दिवशी दोन्ही गावं तलावात उतरायची, गाळ आणि गवत काढायची. ओल्या गाळाची भरलेली पाटी एकट्याला डोक्यावर घेता येत नाही, दुसऱ्याचा हात लागतोच. म्हणून रिवाज असा की पहिली पाटी उचलून द्यायची ती पलीकडच्या गावच्या माणसाने. त्यानंतर दिवसभर कोण कोणाला उचलून देतो हे कोणी पाहत नसे. अशाच एका अक्तीला यादोरावने बोरीखेड्याच्या भैय्यालालच्या डोक्यावर पाटी ठेवली, आणि दुपारची शिदोरी सुटेपर्यंत यादोरावच्या लेकीचं, बेबीचं लग्न भैय्यालालच्या धनीरामशी ठरलंसुद्धा.

मग बेशरम आलं. जांभळ्या फुलांचं हे झुडूप अठ्ठ्याहत्तरच्या सुमारास कोणीतरी बाहेरून आणलं. ढोरं त्याला तोंड लावत नाहीत, माती धरून ठेवतं, वाळलं की चुलीत जळतं. पाळ खचेल या धास्तीने यादोरावनेच पुढे होऊन त्याच्या काड्या पाळीवर खोवून घेतल्या. बघता बघता झाडी पाण्यात उतरली आणि जादा पाणी वाहून जायच्या सलंगाचं तोंड बुजायला लागलं. तेव्हा तो पुन्हा घाबरला, आणि गाव गोळा करून पाण्यातली झाडी तोडायला लावली.

"तोडलेलं कुठी टाकाचं गा?" शेजारच्या तुलारामने विचारलं.

"टाका पान्यात. सडून खत होते."

आजवर तलावातलं गवत, कमळाचे देठ असेच सडत आले होते. पण बेशरम सडलं असतं तर त्याला ते नाव कोण देतं? तोडलेली एक एक काडी तरंगली, वाऱ्याने पलीकडे गेली आणि बोरीखेड्याच्या काठाला लागून मुळं धरून बसली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

बोरीखेड्याचा घाट झाकला गेला. म्हशींना पाण्यात उतरता येईना, काठच्या बांध्यांत झाडी घुसली. चिखलटोल्याने मुद्दाम लोटलं, असं तिकडे ठरलं. अक्ती आली, पण तलावात कोणी उतरलं नाही. पुढच्या सालीही तेच. अर्ज केले, तर एक कचेरी म्हणे पाणी त्या राज्यात, दुसरी म्हणे पाळ त्या राज्यात, आणि घोंगडं तिथेच भिजत पडलं.

बेबीला सासरच्यांनी पोळ्याला माहेरी पाठवलं नाही, दिवाळीलाही नाही. यादोराव पाळीवर उभा राहून पलीकडच्या घाटावर पाण्याला येणाऱ्या बाया पाहायचा आणि चालीवरून आपली लेक ओळखायचा. पुढे मधे हिरवी भिंत उभी राहिली, तेही दिसेना. त्यात कोणीतरी सांगितलं, बेबीला सातवा लागला. पहिलं बाळंतपण, पाऊस तोंडावर. एकदा पाऊस लागला की काठाकाठाने जाणारी वाट पाण्याखाली जाते. मग काय व्हायचं? तो उठला आणि इवायाकडे, म्हणजे व्याह्याकडे, गेला.

"घरात या, पानी घ्या," भैय्यालाल म्हणाला. "पन पोरगीचं नाव काढू नोका. पहले तुमचं झाड घेऊन जा, मंग पोरगी घेऊन जा."

"इवाई, मी मुद्दाम नाही जी पाठवलं. मले वाटलं, सडून जाईन."

"मंग सडलं का?"

दाराआड बांगड्या वाजल्या. लेक काही बाहेर आली नाही.

गावात त्याने विषय काढला, तर तुलाराम म्हणाला, "त्यायच्या काठावर आपन कायले मरावं?" घरी चंद्रभागाबाईने मात्र कुदळ, विळा आणि पाटी आणून नवऱ्याच्या पुढ्यात ठेवली. "गावाले कायले इचारता जी? पोरगी गावाची हाये का?"

तो एकटाच गेला. बोरीखेड्याच्या काठावर मुळापासून झाड खणायचं, आणि पाण्यापासून लांब बरडावर, खडकावर नेऊन वाळत टाकायचं. काठाला एक काडी राहिली तरी पहिल्या सरीत पुन्हा धरणार. मुळांना ओला गाळ चिकटलेला, भरली पाटी एकट्याला उचलवेना, म्हणून तो अर्धी अर्धी नेत होता. या हिशोबाने पोळा उजाडला असता, आणि आभाळ तर रोज खाली उतरत होतं. बोरीखेड्याची माणसं लांबून मजा पाहायची. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा!

एका सकाळी घागर घेऊन बेबी आली. बापाला चिखलात पाटी ओढताना पाहून ती वाकली.

"नोको! हात लावू नोको!" यादोराव ओरडला.

"बाबा, तुमी घरी जा," ती रडत म्हणाली. "माह्या नशिबात असंन ते होईन."

हे ऐकून तो जितका भ्याला, तितका आयुष्यात कधी भ्याला नव्हता. त्याने त्याच भरात पाटी शिगोशीग भरली, गुडघ्यावर घेतली, डोक्याकडे नेली, आणि पाटीसकट चिखलात आडवा झाला.

काठावर बेबीची सासू शकुनबाई येऊन उभी होती. "बेबी, सरक," म्हणत तिने पदर खोचला, सांडलेली मुळं परत पाटीत भरली आणि एका कडेला धरलं. "उचला, इवाई."

"तू काहून हात लावला?" घाटावरून भैय्यालाल गरजला.

"माह्या सुनेचा बाप हाये तो. अन् पाटी उचलून द्याचा रिवाज काय म्याच काढला?"

भैय्यालाल खाली आला तो तणतणतच. पण पुढची पाटी भरली तेव्हा दुसरी कड त्याच्याच हातात होती. मग धनीराम उतरला, आणि त्याच्यामागे पाहणारेही एक एक करत उतरले. घाट मोकळा झाल्यावर भैय्यालालने समोरच्या पाळीकडे बोट केलं. तिच्यावर अजून जांभळी फुलं डोलत होती.

"हे निंगालं. पन ते? वारा सुटला का पुन्हा इथंच."

"पोरगीले घरी नेऊ द्या. उद्या पाळीवर पाटी भरून ठेवतो. उचलाले तुमी या."

"पाहू," भैय्यालाल म्हणाला.

बेबी माहेरी आली. चंद्रभागाबाईने लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. पण यादोरावला त्या 'पाहू'ने रात्रभर डोळा लागू दिला नाही. बेबीला बाळ घेऊन परत त्याच घरी नांदायचं होतं, त्याच वाऱ्याच्या तोंडी.

सकाळी त्याने पाळीवर कुदळ घातली. गाव धावून आलं. "पागल झाला का गा?" तुलाराम ओरडला. "मुळं काढून पाळ पोकळ करून रायला! पानी आलं का फुटन, गाव बुडंन."

हीच तर त्याची जन्माची भीती. खड्ड्यात लगेच मुरूम भरून चोपायला हवा, हे तो जाणून होता, आणि ते एका माणसाचं काम नव्हतं हेही. तरी त्याने पाटी भरली. "येतीन ते. इवाई येतो म्हनला." भैय्यालाल असं म्हणाला नव्हता. गावातलं कोणी पाटीला हात लावेना, आणि लावला असता तरी पहिली पाटी त्या हातांची नव्हती.

दुपार झाली. वारा पडला, आभाळ काळं झालं. एक टपोरा थेंब पाटीतल्या मुळांवर पडला. लोक घराकडे वळायला लागले. तेवढ्यात सलंगाच्या अंगाने माणसं येताना दिसली. पुढे भैय्यालाल, मागे मुरमाने भरलेली बैलबंडी, त्यामागे रिकाम्या पाट्या घेतलेलं बोरीखेडं.

यादोरावने दुपट्ट्याची चुंबळ करून डोक्यावर ठेवली आणि भरल्या पाटीजवळ मान वाकवून उभा राहिला.