आक्काच्या चपला

माझी थोरली बहीण आक्का कधी रांगेत उभी राहिली नाही. तिच्या चपला उभ्या राहायच्या. आमच्या निरवांगी गावात रॉकेलची रांग लागली की ती चपला नंबराला ठेवायची आणि लिंबाखाली गोणपाट टाकून बसायची. रांग हलली की मागचा माणूस आपल्या डब्याबरोबर तिच्या चपलाही पुढं सरकवायचा. कुणाला सांगावं लागत नव्हतं.

लहानपणी सांधे धरणारा ताप आला, त्यात तिच्या काळजाची झडप अरुंद झाली. जरा उभी राहिली की दम लागायचा, डोळ्यांपुढं अंधारी यायची. दिसायला मात्र भरलेली, गाल लालबुंद. नवखा माणूस म्हणायचा, "एवढी धडधाकट बाई, बसून काय राहते?" आक्का म्हणायची, "आजार आत हाय, गाल भाईर. लोकं गालच बघत्यात." पण आजारी म्हणून सवलत मागणं तिला जमलं नाही. तो हट्ट आमच्या घरातलाच.

नव्वद सालानंतर गावातल्या डाळिंबवाल्यांनी गाडी करून आम्हाला मुंबई दाखवली. तिथं पाळण्यांची मोठी बाग होती. जत्रेत आईनं आक्काला आकाशपाळण्यात कधी बसू दिलं नव्हतं. "आता अडवाय आई न्हाय, बापू," ती म्हणाली, "बसल्याबिगर मी हलणार न्हाय."

रांग लोखंडी कठड्यांतून नागमोडी फिरत होती. जनावराला टोचायला खोड्यात घालतात ना, तसलं. मधोमध पोचलो आणि आक्काचे ओठ निळे पडले. पुढं माणसं, मागं माणसं, दोन्ही अंगाला लोखंड. मी रखवालदाराला हाक मारणार, तर तिनं माझा सदरा धरला. "सांगू नगंस. कीव नगं मला."

तिनं चपला काढून नंबराला ठेवल्या आणि वळणावर कठड्याला टेकून बसली.

"मावशी, बसायचं नाही! बाहेर गेलात तर परत शेवटून यायचं," रखवालदार पलीकडून ओरडला.

रांग हलली. मागची बाई चपला ओलांडून पुढं आली. तिला आमची रीत कुठली ठाऊक?

मग मीच वाकलो. फेटा बांधणारा माणूस मी, बायकोच्या चपलेलाही कधी हात लावला नव्हता. त्या चपला उचलून माझ्या मागं ठेवल्या, आणि रांग हलेल तशा ओढत गेलो.

"काका, पॉलिश करता का?" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. रांग वळून आक्काजवळून जायची तेव्हा ती तोंड उघडं टाकून श्वास घेताना दिसायची. तिला उचलून बाहेर न्यावं, तर माणसांतून वाट नव्हती.

शेवटच्या वळणाला ती कठड्याखालून वाकून माझ्यापाशी आली.

"ओ मावशी, मधेच कुठं?" मागनं एक पोरगा ओरडला.

"मधेच न्हाय," मी म्हणालो. "चपला बघ. तिचा नंबर पहिल्यापास्नं चालत आलाय."

मघाची तीच बाई म्हणाली, "खरं आहे. चपला आमच्या पुढंच होत्या."

पाळणा वर गेला आणि खाली माणसं भरायला थांबला. मी दांडा घट्ट धरला. आक्काच्या ओठांना रंग येत होता. "बापू, हितं कुणी पुढं सरका म्हनत न्हाय," ती म्हणाली.

पुढं त्या झडपेनंच ती गेली.

आता माझे गुडघे धरतात. वरून कुणाला दिसत नाही. बारामतीच्या दवाखान्यात मीही चपला नंबराला ठेवतो आणि बाकावर बसतो. लोक ओलांडून जातात. सांगायला माझीही जीभ उचलत नाही. उठून बघतो, तर चपला होत्या तिथंच असतात.