एका कौलात दोन प्रश्न

देवीला काही विचारावं, असं मला कधी वाटलं नव्हतं. मी भूलतज्ज्ञ. युद्ध चाललेल्या एका देशात जखमींच्या शस्त्रक्रियांसाठी स्वयंसेवक डॉक्टरांचं पथक निघालं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना माझा होकार किंवा नकार हवा होता. होकार कळवायला फोन उचलायचे आणि परत ठेवून द्यायचे. आई म्हणाली, "कौल लाव." वाद न घालता तिच्यासोबत पलूसजवळच्या आमच्या गावी गेले.

गुरवकाकांनी देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली कळी चिकटवली. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी डोळे मिटून मनात विचारलं. बऱ्याच वेळाने दोन्ही कळ्या एकदमच पडल्या.

काकांनी दोन्ही कळ्या उचलल्या. "काय इचारलंस गं?"

"जाऊ का, आणि सुखरूप परत येईन का."

"एका कौलात दोन गोष्टी इचारत्यात व्हय? कॉलेजात पेपर सोडवतीयास जणू. आता तुझा कौल आज परत लागायचा न्हाई."

आईचा चेहरा पडला. आमच्या मागे एक अनोळखी आजी नंबर धरून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आवं गुरव, माझा कौल तिला द्या. मी उद्या येती की. पर पोरी, एकच इचार."

आता कुठला प्रश्न सोडायचा? परत येण्याचा सोडवेना. शेवटी एवढंच विचारलं, जाऊ का. उजवी कळी पडली. आजी काय विचारायला आल्या होत्या, हे त्यांना विचारायचंसुद्धा मला सुचलं नाही.

मी गेले. तिथे एका शाळेच्या वर्गातच आमचं ऑपरेशन थिएटर होतं. पहिल्याच दुपारी पायात लोखंडाचे तुकडे घुसलेली एक बाई आली. तिला माझी भाषा येत नव्हती, माझं नावही माहीत नव्हतं. मी भुलीचा मास्क तिच्या चेहऱ्याजवळ नेला. तिने माझं मनगट धरलं, क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि काहीच न विचारता डोळे मिटले. देवीपुढे मला असे डोळे मिटता आले नव्हते.

तो कौल होता की नुसतीच सुटलेली ओली कळी, हे मला आजही ठरवता येत नाही. देवीला आणि त्या आजींना मनापासून नमस्कार करते. स्वतःला सोपवणं म्हणजे काय, ते मात्र मी त्या बाईकडून शिकले. ती शुद्धीवर येईपर्यंत मी तिच्या उशाशी बसून होते.